केनियातले सोमाली: १९६२ साली विचारलं, पण ऐकलं कुणी?

वाटसरू

सोमालियाच्या निळ्या झेंड्यावरचा पांढरा तारा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्याला पाचच टोकं का, हे नैरोबीत नोकरीला जाईपर्यंत मला माहीत नव्हतं. सोमाली माणूस ज्या पाच तुकड्यांत वाटला गेला, ते हे पाच: ब्रिटिश सोमालीलँड, इटालियन सोमालिया, फ्रेंचांचं जिबूती, इथिओपियातला ओगाडेन आणि केनियाचा ईशान्य भाग. पहिले दोन १ जुलै १९६० ला एक झाले. जिबूती १९७७ मध्ये वेगळा देश झाला. ओगाडेनसाठी १९७७-७८ मध्ये मोठं युद्ध झालं, ते जगाला ठाऊक आहे. पाचव्या टोकाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. मला त्याच्याबद्दलच लिहायचंय.

मी सहा वर्षं नैरोबीत हिशेबाच्या कामात होतो. एकदा कामानिमित्त ईशान्य केनियातल्या गारिसाला जाऊन परत येत होतो. सोबत ऑफिसातला सहकारी होता, सोमाली, जन्म गारिसाचाच. वाटेत एका नाक्यावर गाडी थांबवली. माझा पासपोर्ट शिपायाने उघडला न उघडला आणि परत दिला. त्याचं ओळखपत्र मात्र नखाने खरवडून पाहिलं, मग त्याला खाली उतरवलं. शाळा कुठली, आजोबांचं नाव काय, गावचा मुखिया कोण. पाऊण तास तो उन्हात उभा होता आणि मी गाडीत बसून होतो. परत आला तो शांतपणे पट्टा लावून बसला. बरंच अंतर गेल्यावर म्हणाला, "आम्हाला एकदा विचारलं होतं. माझे आजोबा दोन दिवस उंटावरून प्रवास करून उत्तर द्यायला गेले होते."

ते विचारणं ऑक्टोबर १९६२ चं. केनिया स्वतंत्र होणार हे ठरलं होतं. उत्तरेकडच्या या भागाला तेव्हा 'नॉर्दर्न फ्रंटियर डिस्ट्रिक्ट' म्हणत. तिथल्या लोकांना केनियात राहायचंय की सोमालियात जायचंय, हे पाहायला ब्रिटनने दोन जणांचा आयोग पाठवला: नायजेरियाचे वकील ओनयिउके आणि कॅनडाचे मेजर जनरल बोगर्ट. ते गारिसा, वजीर, मंडेरा, मोयाले, मार्साबिट, इसिओलो असे फिरले आणि लोकांच्या सभा घेतल्या. सोमालींचं उत्तर जवळजवळ एकमुखी होतं: सोमालियात जायचंय. आयोगाने तसा अहवालही दिला. मार्च १९६३ मध्ये वसाहतमंत्री डंकन सँडिस यांनी जाहीर केलं, की हा केनियाचाच सातवा प्रांत होईल. सोमालियाने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. सोमालींनी त्या वर्षीच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. १२ डिसेंबरला केनिया स्वतंत्र झाला आणि २८ डिसेंबरला त्या प्रांतात आणीबाणी लागली.

स्वातंत्र्याच्या सोळाव्या दिवशी लागलेली ही आणीबाणी उठली थेट १९९१ मध्ये.

मला विचारायचंय ते हे: लोकांना विचारून त्यांचं उत्तर बासनात गुंडाळलं तर पुढच्या पिढ्यांचं काय होतं? आणि वसाहतीचा वारसा म्हणजे नुसती नकाशावरची रेघ, की आणखी काही?

मीनल_क

यातलं काहीच माहीत नव्हतं. अहवालात स्पष्ट लिहिलं होतं, तर ब्रिटनने ऐकलं का नाही? जाता जाता त्यांचं काय बिघडत होतं?

गडवाट

वाटसरू, चांगला विषय काढलात. मी थोडा मागे जातो, कारण ही गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे.

एडन १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि ते बरीच दशकं मुंबई इलाख्यातून चालवलं जायचं. आपल्या वासुदेव बळवंतांना तिथेच ठेवलं होतं. फेब्रुवारी १८८३ मध्ये कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते पळाले, पकडले गेले, आणि १७ तारखेला तिथेच गेले. एडनच्या त्या खडकाळ तळावर ना पाणी, ना चारा. पलटणीला मटण यायचं समोरच्या सोमाली किनाऱ्यावरून, बर्बेराहून. १८८४ मध्ये इजिप्तने तिथून पाय काढल्यावर मटणाची ही वाट दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांनी तिथल्या एकेका कुळाशी करार केले. हा मुलूख सुरुवातीची काही वर्षं हिंदुस्थान सरकारच्याच कारभारात होता. म्हणजे फडके ज्या एडनला गेले, तिथूनच वर्षा-दोन वर्षांत सोमाली टोळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले जात होते.

पुढे मोहम्मद अब्दुल्ला हसन यांनी वीस वर्षं इंग्रजांशी झुंज दिली. इंग्रज त्यांना 'मॅड मुल्ला' म्हणत. आपण तो शब्द वापरू नये. त्यांच्यावर ज्या फौजा धाडल्या त्यांत मुंबईच्या ग्रेनेडियर्सही होत्या. त्या रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत 'सोमालीलँड' आजही आहे.

आल्याचा_चहा

अवांतर: सोमाली चहा प्यायलाय का कुणी? 'शाह' म्हणतात. वेलची, दालचिनी, लवंग, दूध आणि आपल्या अमृततुल्यवाल्यालाही धडकी भरेल इतकी साखर. सोबत 'सांबुसा'. मी तर पहिल्या घोटातच मनाने अप्पा बळवंत चौकात पोचले.

शंकेखोर

भावना समजते, पण विरुद्ध बाजूही मांडतो.

आफ्रिकेतली जवळपास प्रत्येक सीमा युरोपने आखलेली आहे. प्रत्येक जमातीला 'कुठे जायचंय' विचारत बसलं तर पन्नास देशांचे पाचशे होतील. म्हणून तर जुलै १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी एकता संघटनेने ठरवलं, की स्वातंत्र्याच्या वेळी जी सीमा हाती आली ती पाळायची. सोमालिया आणि मोरोक्को सोडले तर बहुतेकांना ते पटलं. काँगोतून फुटू पाहणाऱ्या कटांगात काय झालं ते सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

आणि सोमालियाने या बंडखोरांना शस्त्रं दिली, रस्त्यांवर सुरुंग पेरले गेले, पोलीस मेले, गैर-सोमाली गावकरीही मेले. केनियाने काय हात बांधून बसायला हवं होतं?

सीमेवरचा

शंकेखोर, मी बेळगावचा आहे. "सीमा एकदा ठरली की ठरली" हे वाक्य ऐकत आमच्या घरातली तिसरी पिढी म्हातारी झाली. एवढंच बोलतो.

शंकेखोर

सीमेवरचा, तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे. पण बेळगावात २८ वर्षं आणीबाणी नव्हती, मतदान होतं, कोर्ट होतं. दोन्ही एका तागडीत घालू नयेत, असं मला वाटतं.

सीमेवरचा

मान्य. त्या लोकांनी जे भोगलं त्याच्या शेजारी आमचं ठेवायचं नव्हतंच. विचारून न ऐकण्याची खंत ओळखीची वाटली, म्हणून लिहिलं.

वाटसरू

मीनलताई, का ऐकलं नाही त्याला एकच कारण नाही. केनियाचे दोन्ही मोठे पक्ष एक इंचही द्यायला तयार नव्हते. स्वातंत्र्यचळवळीचे नेते जोमो केन्याटांना दुखवून चालणार नव्हतं, कारण गोऱ्या शेतमालकांच्या जमिनींचे व्यवहार, लष्करी सवलती, सगळं त्यांच्याशीच बोलून व्हायचं होतं. इथिओपियाच्या सम्राटांना तर धडकीच भरली होती, की हा तुकडा गेला तर उद्या ओगाडेन मागतील. केनिया आणि इथिओपिया यांनी १९६३ मध्येच परस्पर संरक्षणाचा करार केला. एवढ्या सगळ्या तागड्यांत उंटवाल्यांचं मत कुणाच्या गणतीत धरायचं?

शंकेखोर, कैरोचा ठराव १९६४ चा. इथे लोकांना १९६२ मध्ये विचारलं होतं, विचारणारं सरकार ब्रिटिशांचं होतं, आणि सत्ता अजून त्यांच्याच हातात होती. "बदलणारच नाही" असं होतं तर आयोग कशाला पाठवला? माझ्या सहकाऱ्याचा राग सीमेवर नाही, या विचारण्यावर आहे.

ती सीमाही किती पवित्र होती ते पाहा. जुबालँड हा सोमालींचाच भाग पूर्वी ब्रिटिश केनियात होता. पहिल्या महायुद्धात इटली आपल्या बाजूने उतरली, त्याचं बक्षीस म्हणून ब्रिटनने १९२५ मध्ये तो तिला देऊन टाकला. किस्मायो बंदरासकट. तेव्हा रेघ हलली की नाही?

मडगावकर

माझ्या आजीचा भाऊ केनियात सरकारी कारकून होता. तेव्हा तिथल्या कचेऱ्यांत कारकुनी म्हणजे गोवेकरच. त्याची काही वर्षं वजीरला गेली.

तो सांगायचा, की तिथे सगळ्यात जास्त टाइप केलेला कागद म्हणजे परवाना. तो सगळा मुलूख 'बंद जिल्हा' होता. १९०२ चा एक कायदा होता, मग १९३४ मध्ये आणखी कडक आला. बाहेरच्याला आत जायला परवाना, आतल्याला बाहेर पडायला परवाना. कुठल्या टोळीने कुठल्या विहिरीवर गुरं पाजायची, कुठल्या रेघेच्या पलीकडे चारायला न्यायची नाहीत, तेही ठरलेलं. ती ओलांडली तर जनावरं जप्त, आणि एकाने गुन्हा केला तर दंड सगळ्या कुळाला. म्हातारे सोमाली येऊन जमिनीवर बसायचे, त्यांच्या मुलाला मोंबासाला कामाला जायचं असायचं. हा त्यांना म्हणायचा, उद्या या. "साहेब बाहेरगावी असला की माझ्या त्या 'उद्या'ला काही अर्थ नसायचा, आणि ते दोघांनाही ठाऊक असायचं." हे सांगताना तो नेहमी चष्मा पुसायचा.

गोऱ्या साहेबांनी तिथे भर वाळवंटात एक क्लब काढला होता, नाव 'रॉयल वजीर यॉट क्लब'. समुद्र शेकडो मैल दूर! मामा हे सांगून हसायचा, आम्हीही हसायचो. आता कळतं, की त्या क्लबाच्या दाराबाहेर माणसं परवान्याच्या रांगेत होती.

गडवाट

मडगावकर, अप्रतिम. वाटसरूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्या मामांच्या टाइपरायटरमध्ये दिसतं. इंग्रज गेले, पण 'बंद जिल्हा' गेला नाही. स्वतंत्र केनियाने तीच चौकट उचलली आणि तिला आणीबाणी म्हटलं. सामुदायिक शिक्षा तीच, परवाना तोच. १९६६-६७ मध्ये तर लोकांना कुंपण घातलेल्या वस्त्यांत कोंडलं. त्या वस्त्यांना 'मन्याटा' म्हणत. याच इंग्रजांनी किकुयू जमातीला माउ माउ बंडाच्या काळात असंच कोंडलं होतं, आणि ते सोसलेल्यांच्याच सरकारने दहा वर्षांत तीच युक्ती उत्तरेला वापरली. भटक्या माणसाचे उंट कुंपणात राहत नाहीत; ते मेले, मारले गेले. उंट गेला की सोमालीचं घर, बँक, लग्न सगळंच गेलं.

मीनल_क

'शिफ्टा' हा शब्द वाचला कुठेतरी. तो काय?

वाटसरू

शिफ्टा म्हणजे दरोडेखोर. सरकारने त्या लढ्याला दिलेलं नाव. 'शिफ्टा युद्ध' ऑक्टोबर १९६७ मध्ये टांझानियातल्या अरुशाच्या समझोत्याने संपलं. झांबियाचे अध्यक्ष कौंडा यांनी मध्यस्थी केली, सोमालियाकडून पंतप्रधान इगाल होते. पण त्या शब्दाने मतासाठी बोलणाऱ्यांना कायमचं दरोडेखोर करून टाकलं. शिवाय १९७० मध्ये कायदा झाला, की त्या काळात सुरक्षा दलांनी तिथे जे केलं त्याबद्दल कुणालाही न्यायालयात खेचता येणार नाही.

डॉ_साने

क्षयरोगाचं काम करणाऱ्या माझ्यासारखीला वजीर माहीत आहे ते ॲनालेना टोनेली यांच्यामुळे, म्हणून लिहिते.

या इटालियन बाई वजीरला भटक्या लोकांच्या क्षयावर काम करायच्या. अडचण साधी होती: औषध महिनोन्‌महिने रोज घ्यायचं, आणि रोगी उद्या कुठल्या पाणवठ्यावर असेल ते त्यालाही ठाऊक नाही. त्यांनी रुग्णांना दवाखान्याच्या शेजारी त्यांच्याच पद्धतीच्या झोपड्या बांधून राहू दिलं आणि डोळ्यांसमोर गोळ्या गिळायला लावल्या.

फेब्रुवारी १९८४ मध्ये वजीरजवळ वगाला इथे सैन्याने देगोदिया या सोमाली कुळातले पुरुष गोळा केले, शस्त्रं काढून घ्यायची म्हणून. धावपट्टीवर नेलं, कपडे उतरवले, उन्हात बिनपाण्याचं चार-पाच दिवस बसवलं. गोळ्या घातल्या. सरकारी आकडा कित्येक वर्षं ५७ होता. वाचलेले लोक हजारोंत सांगतात. टोनेलीबाई गाडी घेऊन जखमींना आणि प्रेतांना गोळा करत फिरल्या, नावं लिहिली, बाहेर कळवलं. पुढे त्यांना केनिया सोडावा लागला. त्या सोमालीलँडमध्ये बोरामाला जाऊन तेच काम करत राहिल्या आणि ऑक्टोबर २००३ मध्ये तिथे, आपल्याच रुग्णालयाच्या आवारात, त्यांना कुणीतरी गोळी घातली. त्याच वर्षी त्यांना निर्वासितांसाठीच्या कामाचा नानसेन पुरस्कार मिळाला होता.

आकड्यांवर वाद घालणाऱ्यांना मी एवढंच विचारते: माणसं मोजायला सरकारला कुणी अडवलं होतं?

रानवाटा

डॉक्टर, वाचून सुन्न झालो. टोनेलीबाईंचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

शंकेखोर

डॉ. साने, वगालाबद्दल माझ्याकडे शब्द नाहीत. तिथे कुठलीही 'दुसरी बाजू' नाही.

तरी मूळ मुद्द्यावर एक सांगतो. केनियाने सोमालींना फक्त चिरडलं असं नाही. १९८२ चं केनियातलं लष्करी बंड मोडणारे जनरल महामूद मोहम्मद सोमाली होते आणि पुढे सेनाप्रमुख झाले. गारिसाचे अदन दुआले संरक्षणमंत्री झाले. नैरोबीतला ईस्टली हा भाग आज सोमाली व्यापाऱ्यांवर चालतो. आणि ज्या सोमालियात १९६२ मध्ये जायचं होतं, ते राज्यच १९९१ मध्ये कोसळलं. गेले असते तर आज निर्वासित असते.

कोंढव्याची_काकू

शंकेखोरदादा, राग मानू नका, पण "झालं ते बरंच झालं" असं दुसऱ्याच्या घराबद्दल बोलणं सोपं असतं.

आमच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षं तीन सोमाली विद्यार्थी राहत होते. पुण्यात बरेच आहेत, पण घर मिळताना चपला झिजतात. आधी कुणीतरी त्यांना "तुमचे लोक समुद्रावर जहाजं लुटतात ना" म्हणून दारातून परत पाठवलं होतं. तळोज्याच्या तुरुंगातले ते चाचे पेपरात आले होते, त्याचा हा प्रसाद.

तिघांतला एक केनियाचा. बाकीचे दोघे मोगादिशूचे आणि ते याला 'सिजुई' म्हणून चिडवायचे. मी अर्थ विचारला तर म्हणाला, "काकू, स्वाहिलीत सिजुई म्हणजे 'मला माहीत नाही'. केनियातल्या सोमालीला सोमालिया असं म्हणतो. आणि केनियात आम्हाला 'वर्या' म्हणून हाक मारतात, म्हणजे 'ए, इकडे ये'." मग म्हणाला, त्याची आजी नैरोबीला निघाली की शेजारणीला सांगते, "केनियाला जाऊन येते." स्वतःच्याच देशाच्या राजधानीला! हे सांगताना तो हसत होता आणि माझ्या घशात पोळी अडकली होती.

मीनल_क

काकू 🙏

माझा एक प्रश्न राहिला. त्या भागात सगळे सोमालीच होते का? बाकीच्यांना काय हवं होतं?

गडवाट

महत्त्वाचा प्रश्न. नाही. बोराना, गाब्रा, रेंडिले, ताना नदीकाठचे पोकोमो असे बरेच आहेत. इसिओलोच्या बोरानांत मुसलमान पुष्कळ आणि त्यांची मतं दुभंगलेली. काही सोमालियाकडे, काही केनियाकडे. मार्साबिटकडे बहुतेकांना केनियाच हवा होता. त्यामुळे सरसकट सगळा जिल्हा सोमालियाला देणं हाही अन्यायच झाला असता. पण नंतरचा जो प्रांत केला, गारिसा-वजीर-मंडेरा, तिथे सोमालींचीच बहुसंख्या होती. म्हणजे कुठे काय उत्तर आलं हे लंडनला नेमकं कळलं होतं. प्रांताची हद्द त्या उत्तराप्रमाणे आखली आणि उत्तर मात्र नाकारलं. शिवाय बोरानांना मन्याट्यात कोंडताना "तुम्ही कुठल्या बाजूचे" असं कुणी विचारलं नाही.

मडगावकर

आणखी एक गंमत मामाकडून ऐकलेली. नैरोबीतले इसाक कुळाचे सोमाली १९३० च्या दशकात भांडत होते, की आम्हाला 'नेटिव्ह' म्हणू नका, आशियाई म्हणजे हिंदी लोकांच्या रांगेत बसवा, आम्ही करही तेवढा भरतो. कारण साधं होतं: वरच्या पायरीवर चांगला दवाखाना, चांगली शाळा, कमी अपमान. इंग्रजांनी शिडी लावली की प्रत्येकजण एकेक पायरी वर सरकायला धडपडतो. आम्ही गोवेकरही त्यात मागे नव्हतो. आपण हिंदी नव्हे, पोर्तुगीज प्रजा, म्हणून वेगळी रांग मागणारे आमच्यात होते. आणि आमच्यातलेच पियो गामा पिंटो त्या शिडीवर न चढता केनियासाठी तुरुंगात गेले आणि स्वतंत्र केनियात १९६५ मध्ये मारले गेले.

शंकेखोर

काकूंचं बोलणं लागलं. "गेले असते तर निर्वासित असते" हे मागे घेतो. तो निर्णय त्यांचा होता, चुकला असता तरी त्यांचा.

सीमांबद्दल मात्र माझं मत तेच आहे. आज ती रेघ हलवायला गेलं तर रक्तच सांडेल. पण रेघ न हलवता करण्यासारखं खूप होतं, ते का केलं नाही?

वाटसरू

शंकेखोर, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. त्या "का केलं नाही"चं एक उत्तर कागदावर आहे. केनिया सरकारने १९६५ मध्ये विकासाचं धोरण ठरवलं, त्यात लिहिलं होतं, की पैसा जिथे जमीन, पाऊस आणि रस्ते आहेत तिथे घालावा, कारण तिथे तो वाढतो. जमीन, पाऊस, रेल्वे सगळं गोऱ्यांच्या जुन्या शेतांच्या पट्ट्यात. उत्तरेत इंग्रजांनी काही केलं नव्हतं, म्हणून पुढेही काही करायचं नाही, असा त्याचा अर्थ झाला.

काही बदललं आहे. २०१० च्या घटनेने जिल्हा-सरकारं आली आणि प्रथमच गारिसाचा पैसा गारिसात खर्च व्हायला लागला. २०१३ मध्ये सत्यशोधन आयोगाने वगालासकट सगळं नोंदवलं. २०१५ मध्ये अध्यक्ष उहुरू केन्याटांनी संसदेत सरकारच्या जुन्या अन्यायांबद्दल माफी मागितली. पण त्याच्या आदल्याच वर्षी ईस्टलीतून हजारो सोमालींना उचलून कासारानीच्या स्टेडियममध्ये नेलं होतं. माफीनंतर आठवड्याभरात गारिसा विद्यापीठावर अल-शबाब या सोमालियातल्या दहशतवादी संघटनेचा हल्ला झाला, १४८ जीव गेले. त्याच शहरात घर असलेल्या माझ्या सहकाऱ्याला त्या आठवड्यात दोन्हीकडून भीती होती. दाढी करून ऑफिसला यायला लागला तो तेव्हापासून.

आणि ओळखपत्र. केनियात अठरा पूर्ण झाली की ते काढावं लागतं. त्याच्याशिवाय नोकरी नाही, बँक नाही, सिमकार्डही नाही. सोमाली मुलांना त्यासाठी वेगळ्या तपासणी समितीसमोर उभं राहावं लागायचं. आजोबांचं नाव, कुळ, उपकुळ. माझा सहकारी नाक्यावर जी उत्तरं देत होता ती त्याला त्या समितीसाठीच पाठ झाली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यक्ष रुटोंनी वजीरला जाऊन ही जादा तपासणी बंद केल्याचं जाहीर केलं.

हा धागा काढल्यावर मी त्याला फोन केला. सोमालियात जावंसं वाटतं का, असं सरळ विचारलं. तो म्हणाला, "आजोबांना वाटायचं, वडिलांना कधीकधी. मला नैरोबीत घराचे हप्ते आहेत." त्याचा मुलगा यंदा अठराचा झाला. समितीत उभं न राहता अर्ज दिला, बोटांचे ठसे झाले.

अजून पावतीच हातात आहे. ओळखपत्र आलं की इथे कळवतो.

कोंढव्याची_काकू

नक्की कळवा हो. वाट बघते.